ज्या बाळू पालवणकरांच्या बॉलिंगवर टीम जिंकायची, त्यांनाच चहा पॅव्हेलियनच्या बाहेर द्यायचे

लगान पिक्चरमधला कचरा आठवतोय का? हात अधू असलेला, गावानं लांब ठेवलेला, पण बॉल असा वळवतो की गोऱ्यांची दांडी गुल. तो सीन बघताना थिएटरमध्ये शिट्ट्या पडायच्या. लगानची गोष्ट काल्पनिक आहे. पण क्रिकेटचा इतिहास माहीत असलेल्या अनेकांना कचरा बघून एक खरा माणूस आठवला. त्यांचं नाव बाळू पालवणकर.

भारत पहिली टेस्ट मॅच खेळला १९३२ साली. त्याच्या कितीतरी आधी, १९११ साली इंग्लंडला जाऊन या माणसानं शंभरहून जास्त विकेट काढल्या होत्या. आपल्या काळातला देशातला सगळ्यात भारी स्पिनर म्हणून त्यांचं नाव घेतलं जायचं. पण ज्या टीमला ते मॅच जिंकून द्यायचे, त्या टीमनं त्यांना कधी कॅप्टन केलं नाही.

कारण होतं त्यांची जात.

पालवणकर हे घराणं मूळचं कोकणातलं. समाज चर्मकार. वडील सैन्यात नोकरीला होते, त्यामुळं १८७५-७६ च्या सुमारास बाळू यांचा जन्म झाला तो धारवाडला आणि बालपण गेलं पुण्यात. तेव्हा पुणे म्हणजे मोठी लष्करी छावणी. गोरे ऑफिसर संध्याकाळी क्रिकेट खेळायचे आणि खराब झालेल्या बॅट, बॉल टाकून द्यायचे. बाळू आणि त्यांचे भाऊ त्याच सामानावर क्रिकेट शिकले. शिवराम, गणपत आणि विठ्ठल अशी या भावांची नावं. पुढं जाऊन हे चौघंही मोठ्या पातळीवर क्रिकेट खेळले.

पण तेव्हा खेळून पोट भरत नव्हतं. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळं बाळू यांनी पुण्यातल्या एका पारशी क्लबमध्ये नोकरी धरली. काम होतं पीच झाडणं आणि त्यावर रोलर फिरवणं. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबमध्ये आले. इथं पगार झाला ४ रुपये. रोलर फिरवायचा, रेषा आखायच्या, नेट लावायचं आणि साहेब लोक प्रॅक्टिसला आले की अधूनमधून त्यांना बॉल टाकायचे, असं सगळं त्यांच्याकडं होतं.

इथंच त्यांच्यातला बॉलर तयार झाला.

डाव्या हाताची स्पिन, लाईन अचूक आणि दिवसभर टाकायचा दम. त्या काळात पीच झाकून ठेवायची पद्धत नव्हती. पाऊस झाला की पीच ओलं व्हायचं, वाळताना त्यावर बॉल थांबून यायचा आणि जास्त वळायचा. रोज त्याच पीचवर रोलर फिरवणाऱ्या माणसाला कुठल्या जागी टप्पा पडला की बॉल काय करेल, हे बाकीच्यांपेक्षा नक्कीच जास्त कळत असणार.

पूना क्लबमध्ये जे. जी. ग्रेग नावाचे एक लष्करी अधिकारी होते. इंग्लंडमध्ये हॅम्पशायर काउंटीकडून खेळलेले, भारतातल्या युरोपियन टीमचे स्टार बॅट्समन. असं सांगतात की हे ग्रेग बाकीच्यांच्या तासभर आधी ग्राउंडवर यायचे आणि बाळूंकडून बॉलिंग टाकून घ्यायचे. बाळूंनी आऊट केलं की दर वेळी आठ आणे बक्षीस.

आता हिशोब बघा. आठ आणे म्हणजे अर्धा रुपया. म्हणजे साहेबांना आठ वेळा आऊट केलं की पूर्ण महिन्याचा पगार निघाला. ग्रेग यांची बॅटिंग सुधारत गेली आणि बाळूंची बॉलिंगसुद्धा.

एक गोष्ट मात्र नेटमध्ये कधी झाली नाही. बाळूंना बॅटिंगची प्रॅक्टिस मिळाली नाही. बॅटिंग हे साहेबांचं काम, बॉलिंग करून घाम गाळणं हे नोकराचं, असा तेव्हाचा नियम होता. त्यामुळं बाळू आयुष्यभर ओळखले गेले ते बॉलर म्हणूनच.

पूना क्लबच्या नेटमध्ये साहेबांना नाचवणारा बॉलर आहे, ही बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. पुण्यातल्या हिंदूंचा एक क्रिकेट क्लब होता आणि त्यांना गोऱ्यांना हरवायचं होतं. गोऱ्यांना हरवायचं तर बाळू टीममध्ये पाहिजेत. पण बाळूंना घ्यायचं म्हणजे सवर्ण पोरांनी त्यांच्यासोबत खेळायचं. यावर क्लबमध्ये दोन तट पडले. काही जणांना हे बिलकुल मान्य नव्हतं, तर काहींचं म्हणणं होतं की आपल्याला जिंकायचं आहे. असंही सांगतात की खुद्द ग्रेग साहेबांनी बाळूंना बाहेर ठेवणं हा मूर्खपणा ठरेल, असं मत जाहीरपणे मांडलं होतं.

शेवटी बाळूंना घेतलं. पण अट न बोलता ठरली होती.

ग्राउंडवर बाळू सगळ्यांसारखे. ते ज्या बॉलला हात लावायचे, त्याच बॉलला बाकीचे दहाजण हात लावायचे. तो बॉल चामड्याचाच असायचा, त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. पण चहाची वेळ झाली की टीम पॅव्हेलियनमध्ये जायची आणि बाळूंना चहा बाहेर मिळायचा. तोही मातीच्या कपात. बाकीच्यांचे कप चिनी मातीचे, धुऊन पुन्हा वापरायचे. बाळूंचा कप एकदा वापरला की फेकून द्यायचा. हात-तोंड धुवायचं असेल तर वेगळा नोकर लांबून पाणी ओतायचा. जेवायला ताट वेगळं आणि टेबलही वेगळं.

मॅच मात्र त्यांच्याच जिवावर जिंकल्या जात होत्या.

यातली साताऱ्याची मॅच फार गाजली. साताऱ्यात गोऱ्यांचा जिमखाना होता. पुण्याच्या टीममध्ये बाळू येणार हे कळल्यावर त्यांची स्पिन चालू नये म्हणून आठवडाभर रोलर फिरवून पीच घट्ट केलं गेलं, असं सांगतात. तरी बाळूंनी ७ विकेट काढल्या आणि पुण्याची टीम जिंकली. त्यानंतर पुण्यात बाळूंचा सत्कार झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या निमित्तानं सवर्ण खेळाडूंना सुनावलं की ज्याच्यासोबत खेळता, त्याच्यासोबत खायला-प्यायला काय अडचण आहे. लोकमान्य टिळकांनी बाळूंना हार घातला, असंही सांगितलं जातं. ज्या पुण्यात बाळूंचा चहा बाहेर ठेवला जायचा, त्याच पुण्यात हे घडत होतं.

१८९६ साली प्लेगची साथ आली आणि त्यानंतर बाळू मुंबईला आले.

तेव्हाच्या मुंबईत क्रिकेट कसं चालायचं हे समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही. आजच्यासारख्या राज्यांच्या टीम तेव्हा नव्हत्या. टीम बनायच्या त्या धर्मावरून. गोऱ्यांचा बॉम्बे जिमखाना, पारशांचा जिमखाना, हिंदूंचा जिमखाना, मुसलमानांचा जिमखाना. देशातली सगळ्यात मोठी स्पर्धासुद्धा याच टीममध्ये व्हायची. १९०७ पासून युरोपियन, पारशी आणि हिंदू अशी तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ ला मुसलमानांची टीम आली आणि चौरंगी झाली. ही मॅच बघायला मुंबईत हजारो लोक जमायचे.

आता विचार करा, टीम हिंदूंची आहे आणि तिचा सगळ्यात भारी बॉलर असा आहे ज्याला हिंदूंच्याच देवळात जाता येत नाही.

मुंबईत परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातही बाळूंना घ्यायला विरोध झाला. पण कॅप्टन कीर्तिकर यांनी तो बाजूला सारला आणि बाळू टीममध्ये आले. पोटापाण्यासाठी बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी लागली. ही रेल्वे म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेची पूर्वज. तिथंही त्यांनी रेल्वेच्या टीमकडून क्रिकेट खेळलं. खेळाडूला नोकरीवर ठेवायचं आणि त्यानं कंपनीकडून खेळायचं, ही मुंबईची पद्धत पुढं कित्येक वर्षं चालली. त्या पद्धतीतल्या सुरुवातीच्या मोठ्या नावांपैकी एक बाळू होते.

मग आलं १९०६ साल.

फेब्रुवारी महिन्यात हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ रन केले, युरोपियन १९१ वर आटोपले. दुसऱ्या डावात हिंदूंचे १६० झाले. गोऱ्यांना जिंकायला २१२ पाहिजे होते. पण बाळूंच्या स्पिनपुढं गोऱ्यांचा निभाव लागला नाही आणि टीम १०२ वर गारद झाली. हिंदू १०९ रननं जिंकले. या टीममध्ये बाळूंचे भाऊ शिवरामही होते.

स्वदेशीची चळवळ जोरात असताना गोऱ्यांना त्यांच्याच खेळात हरवलं, म्हणून हा विजय देशभर गाजला. पण इंडियन सोशल रिफॉर्मर या सुधारकांच्या पत्रानं वेगळ्या गोष्टीकडं लक्ष वेधलं. पुण्यात बाळूंना बाहेर चहा मिळायचा, मुंबईच्या जिमखान्यात मात्र ते आत बसून सगळ्यांसोबत जेवत होते. जात बाजूला ठेवली म्हणून ही टीम जिंकली, असा या पत्राचा सूर होता.

पुणे ते मुंबई या प्रवासात मातीचा कप मागं पडला होता. पण एक दार अजून बंदच होतं.

१९११ साली पहिल्यांदा सगळ्या धर्मांचे खेळाडू एकत्र करून भारताची टीम इंग्लंडला गेली. कॅप्टन होते पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंग. टीममध्ये बाळू आणि शिवराम हे दोघं भाऊ होते. महाराजा बराच वेळ इंग्लंडच्या राजेशाही कार्यक्रमांत आणि मेजवान्यांत अडकले. टीम एकामागून एक मॅच हरत होती.

बाळू तेव्हा पस्तिशीत होते. खांदा दुखत होता, हवा परकी होती. तरी सगळ्यात जास्त बॉलिंग त्यांच्याच वाट्याला आली. केंब्रिज युनिव्हर्सिटीविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ रन देऊन ८ विकेट घेतल्या. लीस्टरशायर काउंटीविरुद्ध दोन डावांत मिळून ११ विकेट काढल्या आणि भारतानं ती मॅच जिंकली. पुढं सॉमरसेटविरुद्धची मॅच एका विकेटनं जिंकली, त्यात शिवरामनं नाबाद ११३ रन केले. त्या दौऱ्यातल्या १४ फर्स्ट क्लास मॅचपैकी भारतानं जिंकल्या त्या फक्त या दोन. दोन्हींत पालवणकर भावांचा वाटा मोठा होता.

पूर्ण दौऱ्यात बाळूंनी ११४ विकेट घेतल्या. सरासरी होती १८.८४. इंग्लंडमध्ये त्यांची तुलना थेट विल्फ्रेड ऱ्होड्सशी झाली. ऱ्होड्स म्हणजे त्या काळातला इंग्लंडचा सगळ्यात मोठा डावखुरा स्पिनर.

मुंबईत परत आल्यावर दलित समाजानं बाळूंचा सत्कार केला. या सत्कारात वीस वर्षांच्या एका कॉलेज तरुणाचा पुढाकार होता, अशी नोंद आढळते. तो तरुण म्हणजे भीमराव आंबेडकर. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या आंबेडकरांसाठी आणि त्यांच्या पिढीसाठी बाळू हा आपल्यातला माणूस होता, ज्याच्यासाठी सगळी मुंबई टाळ्या वाजवत होती.

आता येऊ बंद दाराकडं. ते दार होतं कॅप्टन्सीचं.

अनुभव, विकेट आणि ज्येष्ठता, या तिन्हींत हिंदू टीममध्ये बाळूंच्या पुढं कुणी नव्हतं. १९१० पासून त्यांना कॅप्टन करा अशी मागणी व्हायची. दर वर्षी निवड समिती बसायची आणि दर वर्षी दुसरंच नाव यायचं. एम. डी. पै कॅप्टन झाले तेव्हा त्यांनी स्वतःच एका सत्कारात बोलून दाखवलं की हा मान खरंतर बाळूंचा होता. तरी काही बदललं नाही.

कारण बॉलर लागतो विकेट काढायला. त्याची गरज स्कोअरबोर्डवर दिसते. कॅप्टनचं तसं नाही. कॅप्टन केलं की बाकीच्या दहाजणांनी त्याचं ऐकायचं. तो सांगेल तिथं उभं राहायचं. ब्राह्मण पोरानं चर्मकाराचा हुकूम मानायचा. टीमची गरज होती तेवढं दार उघडलं होतं, त्यापुढं ते हलत नव्हतं.

१९२० साली हे सगळं फुटलं.

त्या वर्षी चौरंगीसाठी बाळूंना टीममधूनच वगळलं. वय चाळिशीच्या पुढं गेलं होतं, तेवढं एक वेळ समजण्यासारखं होतं. पण कॅप्टन पै आजारी पडले आणि पहिल्या मॅचसाठी कॅप्टन्सी दि. ब. देवधर यांच्याकडं दिली गेली. देवधर पुढं फार मोठे क्रिकेटर झाले, त्यांच्या नावानं देवधर ट्रॉफी सुरू झाली. पण तेव्हा टीममध्ये त्यांच्याहून सीनियर असलेले विठ्ठल पालवणकर होते.

विठ्ठल आणि शिवराम यांनी टीममधून माघार घेतली. आणि गप्प बसून घेतली नाही. आपल्याला जातीमुळं डावललं जातंय, असं त्यांनी जाहीर निवेदन काढून सांगितलं. ज्या काळात टीममध्ये जागा मिळणं हेच उपकार समजले जायचे, त्या काळात दोन स्टार खेळाडूंनी मॅचवर बहिष्कार टाकला होता. देशात गांधीजींनी अस्पृश्यतेविरुद्ध बोलायला सुरुवात केली होती, त्यामुळं लोकांची सहानुभूतीही भावांच्या बाजूनं होती.

जिमखान्याला नमतं घ्यावं लागलं. अंतिम मॅचसाठी पै परत आले, दोन्ही भाऊ परत आले आणि बाळूंना बोलावून व्हाईस कॅप्टन करण्यात आलं. मॅच चालू असताना पै काही वेळ ग्राउंडवरून बाहेर गेले. तेवढा वेळ टीम बाळूंच्या हाताखाली खेळली.

बाळूंची कॅप्टन्सी ती एवढीच. त्यानंतर त्यांनी मोठं क्रिकेट सोडलं. ३३ फर्स्ट क्लास मॅच, १७९ विकेट आणि सरासरी १५.२१. स्पिनरची ही सरासरी आजही डोळे विस्फारायला लावते.

पुढं १९२३ साली हिंदूंचा कॅप्टन म्हणून विठ्ठल पालवणकरांची निवड झाली. त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली आणि लोकांनी विठ्ठलना खांद्यावर घेऊन मिरवलं. जे मोठ्या भावाला मिळालं नाही ते धाकट्याला मिळालं, आणि त्यासाठी आधी दोघा भावांना टीम सोडून जावं लागलं होतं.

यानंतर चारच वर्षांनी, १९२७ साली, महाडच्या चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. म्हणजे मुंबईत एका दलित कॅप्टनला खांद्यावर घेऊन झालं होतं, तरी हजारो लोकांना साध्या पाण्यासाठी मार खावा लागत होता. क्रिकेटनं एका घराण्यासाठी रस्ता काढला, बाकीच्यांसाठी लढाई वेगळीच लढावी लागली.

पण ती लढाई कशी लढायची यावर बाळू आणि आंबेडकर यांचं जमलं नाही.

बाळू काँग्रेस आणि गांधीजींच्या जवळ होते. १९३२ साली दलितांसाठी स्वतंत्र मतदारसंघ असावेत का, यावरून देश ढवळून निघाला. बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूनं होते. पुढं पुणे करार झाला, त्यावर सही करणाऱ्यांत आंबेडकरही होते आणि बाळूही. १९३५ ला आंबेडकरांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली, ती बाळूंना पटली नाही.

आणि १९३७ साली दोघं समोरासमोर आले. मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत आंबेडकरांविरुद्ध काँग्रेसनं बाळूंना उभं केलं. ज्यांच्या सत्कारासाठी आंबेडकर कॉलेजच्या वयात धडपडले होते, तेच आता विरोधात होते. निकाल लागला तेव्हा आंबेडकरांना १३,२४५ मतं होती आणि बाळूंना ११,२२५. आंबेडकर जिंकले, पण अंतर होतं अवघं २,०२० मतांचं. क्रिकेट सोडून पंधरा-सोळा वर्षं झाल्यावरही बाळूंचं नाव लोकांच्या मनात किती होतं, हे या आकड्यावरून कळतं.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचं निधन झालं. सांताक्रूझला अंत्यसंस्कार झाले. हळूहळू त्यांचं नाव मागं पडलं. टेस्ट क्रिकेट सुरू होण्याआधीचे खेळाडू म्हणून रेकॉर्ड बुकात ते ठळक दिसत नाहीत आणि धर्मावरून खेळली जाणारी ती स्पर्धाही १९४६ ला बंद झाली.

या घराण्याची आठवण राहिली त्यात विठ्ठल यांचा वाटा मोठा आहे. त्यांनी १९४८ साली माझे क्रीडा-जीवन या नावानं मराठीत आत्मचरित्र लिहिलं. पुढं इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटचा इतिहास लिहिताना या भावांची गोष्ट जगासमोर मांडली.

पुण्याच्या पॅव्हेलियनबाहेर फेकलेला मातीचा एकही कप शिल्लक राहिला नाही. १७९ विकेट मात्र आजही बाळू पालवणकर या नावापुढं लिहिलेल्या आहेत.